नांगराची बाभूळ

गिरणीवाल्या बाईला ऐकू कमी येतं, असं सगळं गाव धरून चालतं. पट्टा फिरत असतो, पीठ उडत असतं, आणि बायका एकमेकींच्या कानाशी लागून जे बोलतात ते सगळं मला नीट ऐकू येतं. कुणाच्या पोरीचं कुठं ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाची सासू कशी. मी कधी कुणाचं कुणाला सांगितलं नाही, सांगायला सवड कुणाला आहे. पण खाजाचाचांबद्दल लोक जे बोलायला लागले ते ऐकून मात्र मला दोन-तीनदा गिरणी बंद करून भांडायला उठावं लागलं. "खाजामियाँ पोचलेला माणूस हाय." "रात्री त्येंच्याशी झाडं बोलतेत." अगं, माझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून! रात्री ते नुसते घोरायचे. इतके घोरायचे की झाड बोललं असतं तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.

खाजाचाचा आमच्या गावचे सुतार. गाव जळकोट तालुक्यातलं, पण पलीकडच्या टेकडीवर उभं राहिलं की नांदेड जिल्हा दिसतो. काळं रान थोडं, बाकी सगळा मुरूम आणि दगड. अशा रानात नुसत्या पिकावर कुणाचं भागायचं नाही, म्हणून जुन्या माणसांनी बांधावर झाडं राखली होती. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना, काट्या कुंपणाला, डिंक बाळंतिणीला आणि लाकूड औताला. हिवर, खैर, लिंब, पळस, बोर, सगळ्यांना असंच कामाला लावलेलं. झाड कुणाचंही असो, त्यातून पुढं काय निघणार ते चाचा ठरवून टाकायचे आणि त्याच नावानं त्याला ओळखायचे. आमच्या बांधावरच्या लिंबाला ते 'सुरेखाची काठवट' म्हणायचे, सुरेखा म्हणजे मी. पाटलाच्या खैराला 'मुसळ'. एकदा सरपंचाच्या दारातल्या सागाकडे बघून म्हणाले, "ह्यो पाळणा हाय, पण ह्या घरात लेकरू कुठं हाय?" सरपंचाची बायको त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

नम्रपणा वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती. "या तालुक्यात लाकडाचा वाक फकस्त मला कळतोय, बाकीचे नुसती ठोकपीट करतेत," हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. औतकाठीच्या बाबतीत ते खरंही होतं. पण दारं-खिडक्या करायला बसले की सगळा आनंदीआनंद. माझ्या गिरणीचं दार त्यांनीच केलेलं. ते आजतागायत नीट लागलेलं नाही. पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि मधल्या दिवसांत रुसल्यासारखं अर्ध्यावर उभं राहतं. मी कुरकुर केली की म्हणायचे, "दार लागायला नसतंय गं, उघडायला असतंय." यावर काय बोलणार, कपाळ!

आणि माणूस सदा दमलेला. सकाळी सातला भेटले तरी दमलेले. बसताना "या अल्ला", उठताना "चला", आणि उठून जायचे कुठं, तर अंगणातच दुसऱ्या लाकडावर. उंच अंग, पुढं वाकलेलं. कानाला पेन्सिल, तिनं कधी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. तोंडात दुपारपर्यंत बाभळीची काडी. गुडघे गेलेले, म्हणून संध्याकाळी निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून करंजाच्या तेलात माखून बांधायचे. तो वास मधल्या कुडाच्या भिंतीतून सरळ माझ्या गिरणीत. एक बाई पीठ परत घेऊन आली, म्हणाली, "भाकरीला औषधाचा वास मारून राहिला." मी चाचांवर उखडले. ते शांतपणे म्हणाले, "फुकट औषध मिळून राहिलं तर खाय की म्हणावं." मला हसू आलं आणि भांडण तिथंच राहिलं.

बिस्मिल्लाचाची, म्हणजे त्यांची बायको, लवकर गेली. लेक देगलूरला दिलेली. मग ते, त्यांची लाकडं, आणि गिरणी थांबली की दोघांत एक कप चहा. गावात ट्रॅक्टर आले तसं त्यांचं काम आटत गेलं. तिफणी गेल्या, कुळव गेले. कुणी खाटेचा पाय आणायचं, कुणी कुऱ्हाडीचा दांडा. तरी रोज अंगण झाडून, लाकूड तासायचा वाकस दगडावर घासून बसायचे. कुणाची वाट बघता असं विचारलं की म्हणायचे, "दमलो म्हणून बसलोय, वाट कुणाची बघू?"

पण वाट बघत होते, आणि कशाची ते मला ठाऊक होतं.

सोनाबाई कांबळेची गावाच्या वर, सडकेला लागून माळाची एक पट्टी आहे. तिचा नवरा किसन हा चाचांचा जिवाभावाचा दोस्त. त्याची बैलं लाल, अंगानं बारकी. लोखंडी नांगर त्यांना ओढायचा नाही आणि दगडात अडकला की किसनलाच उचलायचा नाही. लाकडी नांगर हलका, दगडाला लागला की उडून पुढं जातो. चाचा म्हणाले, "तुझ्याच बांधावरच्या बाभळीतून तुला नांगर देतो. पण दम धर."

दम धरायचा म्हणजे किती, ते ऐकून मी डोक्याला हात लावला होता. लाकडी नांगराचं खोड दोन तुकडे जोडून होत नाही. एकाच लाकडाला वाक लागतो, घोट्यापाशी पाय वळतो तसा. आपसूक वाकलेलं झाड सापडलं तर ठीक, नाही तर वाक आणावा लागतो. एखादी कोवळी फांदी हेरायची, तिला नेमक्या जागी धोंडा टांगायचा, आणि फांदी मांडीएवढी होईपर्यंत वर्षामागून वर्षं थांबायचं. दोर तारेचा चालत नाही, तार सालीत रुतते. पळसाच्या मुळ्या ठेचून वाख काढायचा, त्याचा दोर वळायचा. तो दरसाल सैल करून पुन्हा बांधायचा. आणि दोराखाली फडकं गुंडाळायचं, साल सोलू नये म्हणून. चाचांनी घरात हाताला लागलं ते फडकं घेतलं. बिस्मिल्लाचाचीची जुनी हिरवी ओढणी.

तिथंच घोटाळा झाला.

सडकेनं जाणाऱ्या-येणाऱ्याला काय दिसणार? माळावर एकटी बाभूळ, तिला हिरवं फडकं, आणि खाली लोंबणारा धोंडा. गावातल्या एका सुनेला बरीच वर्षं मूल नव्हतं. तिनं कुणाला न विचारता त्याच फांदीला एक धोंडा बांधला. पुढच्या साली तिला मुलगा झाला. झालं! मग काय विचारता. बाया आल्या, पोलीस भरतीची पोरं आली, दहावीच्या निकालाच्या आधी आयाच्या आया आल्या. अर्धे लोक 'पीर' म्हणायचे, अर्धे 'धोंडोबा', आणि दोघंही अमावस्येला नारळ घेऊन हजर. बाभळीचं नावच पडलं धोंड्याची बाभूळ.

चाचा पहिल्यांदा हसले. मग समजावत सुटले. "अहो, तो धोंडा म्या टांगला. नांगराचा हाय." लोक एकमेकांकडे बघून मान डोलवायचे. एक म्हातारा मला गिरणीत म्हणाला, "बघ, किती लपवून राहिला. नवस कुणाचा फिटला ते सांगायचं नसतंय." जितकं चाचा नाही म्हणत तितका त्यांचा भाव वाढत गेला. त्यांच्या मशिदीतली माणसं वेगळी चिडली, खाजामियाँनी हे काय सुरू केलं म्हणून. दोन्हीकडून बोलणी खाऊन माणूस संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. "सुरेखा, मी लबाड दिसतोय का गं?" मी म्हणायचे, "दार करताना दिसता."

पण खरी काळजी वेगळीच होती. लोकांचे धोंडे त्याच फांदीला, वाटेल तिथं. कुणी शेंड्याला, कुणी बुंध्याकडं, कुणी उलट्या बाजूनं ओढून. असं चहूकडून ओढलं तर वाकाचा सत्यानाश. मग चाचा दर जुम्म्याला, नमाज पढून, दुखऱ्या गुडघ्यांनी माळ चढायचे आणि एकेक धोंडा सोडवायचे. फेकायचे मात्र नाहीत. दुसऱ्या, बिनकामाच्या फांदीला नीट गाठ मारून बांधून यायचे. मी म्हणाले, "फेकून द्या की, कशाला जीव काढता?" तर म्हणाले, "कुणाच्या मनातलं असतंय त्ये. फेकू कसं?" एकदा त्यांना धोंडे हलवताना बायकांनी पाहिलं. गावभर झालं की चाचा जुम्म्याच्या जुम्म्याला झाडाची सेवा करतात. मी हे ऐकलं तेव्हा जात्यात ज्वारी तशीच सोडून बाहेर आले आणि त्या बायकांना चांगलं सुनावलं. कुणावर काही परिणाम झाला नाही.

या सगळ्यात किसन काविळीनं गेला. सोनाबाईनं पट्टी सोडली नाही. बैलं होती, औत उसनं आणून कसत राहिली. पण गावातली औतं संपली, आणि ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केले. "बाई, तुझ्या दगडात माझी पाती मोडतेत." दोन साल पट्टी पडीक राहिली. त्यात सडक रुंद करायचं काम निघालं. मुरूम पाहिजे होता, आणि सोनाबाईची पट्टी सडकेला लागून. मुरूमवाला नांदेडला जाऊन तिच्या पोराला भेटला. पोरगा, मिलिंद, तिथं नोकरीला. तोही वाईट नाही, पण कंटाळलेला. आईला म्हणाला, "पडीकच हाय ना? आखितीपर्यंत नांगरलीस तर ठीक, न्हाईतर मुरूम देऊन टाकू."

सोनाबाई गिरणीत आली, डबा ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलली. "मुरूम एकदा नेला की खाली काय राहतंय, सुरेखा? खड्डा. खड्ड्याचा सातबारा घेऊन मी काय करू?" मग कुडाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "खाजाभाई, नांगर झाला का माझा?"

पलीकडून आवाज आला, "फांदी तयार हाय, वैनी."

फांदी हिवाळ्यात तोडायची, मग विहिरीत बुडवून ठेवायची, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही. आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, उन्हाळ्यात येते, त्यामुळं उशीर करून चालणार नव्हतं. दोघं कुऱ्हाड घेऊन गेली. बघता बघता निम्मं गाव तिथं. कुणी शिवी दिली नाही, हात लावला नाही, नुसते झाडाभोवती उभे राहिले. एक म्हणाला, "बाई, झाड तुझं असंल, देव गावाचा हाय." सोनाबाईनं पदर खोचला. "माझ्या बांधावर मला न विचारता देव आला कसा? माझ्या सासऱ्यानं घरातले देव काढले, ते काय बांधावर बसवायला?" तरी हललं कुणी नाही. चाचांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. ओढणी, दोर, किसन, वाक. घसा बसला त्यांचा. शेवटी दोघं कुऱ्हाड घेऊन परत आली.

सोनाबाई पोराला मुदत मागायला नांदेडला गेली. ती नव्हती तेवढ्यात ते घडलं.

चाचा सकाळीच कुऱ्हाड घेऊन निघाले. मला बरं वाटेना, म्हणून गिरणीला कुलूप घालून मागं गेले. कुलूप घातलं म्हणजे काय, दार लागत नाहीच. लोक पुन्हा जमले. चाचांनी तोंड उघडलं, बंद केलं, खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं चक्कर आली. मग ते हळू आवाजात बोलायला लागले. "मंडळी, आजवर म्या लपवलं. मला सपान पडलं. बाभूळ बोलली मला. म्हणली, खाज्या, माझा ह्यो हात लई जड झाला. एवढा हात तोड आणि किसनच्या वावरात चालव. मग मी सगळ्यांचं ऐकते."

मग एका म्हातारीनं हात जोडले. "अगं बाई!" आणि सगळी गर्दी सैल झाली. नारळ आला, हळद आली. ज्यांनी परवा अडवलं होतं तेच चार जण चढून फांदीला दोर लावायला लागले, जपून, लेकराला उतरवतात तशी उतरवली त्यांनी. त्यांच्याच बैलगाडीत घालून विहिरीपर्यंत आणली. चाचा मात्र तसेच बसलेले. अंगरखा घामानं भिजलेला. घरी येताना वाटेत मला एवढंच म्हणाले, "इतके साल खरं बोललो, एकानं मानलं न्हाई. आज सगळे 'खरं हाय' म्हणले गं." त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही.

सोनाबाई परत आली तेव्हा गाव तिला वाटेतच सांगायला धावलं. ती सरळ चाचांच्या अंगणात. मला वाटलं खूश होईल. कसली खूश! "खाजाभाई, तुमच्या सपनातला नांगर मला नको."

"वैनी, लाकूड खरं हाय. वाक बघा, किसननं मागितला तसाच."

"लाकूड खरं असंल. पण उद्या माझ्या नांगराला हळद लावायला बाया येतील. पट्टीत पीक आलं तर म्हणतील झाडानं दिलं. मग माझे हात काय करत होते?"

मीच मधे पडले. "अगं सोनाबाई, आखिती येऊन राहिली. पट्टी जाईल."

"जाईल तर जाईल," ती म्हणाली. पट्टीवर तिचा किती जीव होता ते मला माहीत आहे. रडली नाही, पण कुडाला धरून उभी राहिली. "गावानं देव मानला, मला त्याचं काय. पण या गावात एक माणूस होता, तो म्हणायचा धोंडा नांगराचा हाय. त्या एका माणसावर मी पट्टी धरून बसले होते. आता तुम्हीबी तेच बोललाव."

चाचांनी नांगर तरीही केला. पाण्यातून काढलेलं लाकूड सावलीत वाळवलं, तासलं, दांडी बसवली, हातात धरायचं रुमणं बसवलं. त्या दिवसांत वाकसाचा आवाज पहाटेपासून यायचा. पण नेहमीची बढाई नाही, 'दमलो' नाही, काही नाही. मला ते गप्प बसणं सोसवेना. नांगर झाला तसा अंगणात उभा केला, आणि सोनाबाई म्हणाली होती तसंच झालं, सकाळी त्याला हळदीचे टिळे. चाचा ओल्या फडक्यानं पुसायचे, दुपारी पुन्हा टिळे. शेवटी ते सोनाबाईच्या दारात गेले. मी सोबत होते, कारण एकट्यानं जायचा त्यांना धीर होत नव्हता.

"मग मी काय करू, वैनी? तुम्हीच सांगा."

सोनाबाई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "जिथं खोटं बोललाव तिथंच खरं बोला. लोक मानू द्या का न मानू द्या. मी ऐकणार हाय."

अमावस्येला बाभळीखाली गर्दी असते. चाचा उभे राहिले, आणि यावेळी बसले नाहीत. म्हणाले, "मला सपान पडलं न्हवतं. म्या खोटं बोललो. तुम्ही फांदी तोडू देईना, म्हणून बोललो. हा धोंडा म्या टांगला, माझ्या बायकोच्या ओढणीवर. ना पीर हाय, ना धोंडोबा. माझ्या दोस्ताला नांगर पाहिजे होता." शब्द एकही गिळला नाही. अपमान होईल, दगड येईल, बहिष्कार पडेल, काय काय मनात आलं माझ्या. झालं भलतंच. लोकांचे डोळे भरून आले. एक म्हणाला, "मोठी माणसं असंच बोलतेत, स्वतःकडं काही घेत न्हाईत." आणि एकेक जण येऊन त्यांच्या पाया पडायला लागला. चाचा मागं सरकायला लागले, "अरे न्हाई, अरे ऐका," आणि ती गर्दी त्यांच्या मागं मागं.

सोनाबाई कडेला उभी होती. ती मधे घुसली, लोकांना कोपरानं बाजूला केलं. "व्हा बाजूला. मी ऐकलं, खाजाभाई. माझ्यापुरतं झालं. चला, नांगर द्या."

त्याच संध्याकाळी तिनं नांगर नेला. दुसऱ्या दिवशी दोन लाल बैलं आणि ती, पट्टीत. हळद घेऊन आलेल्या बायांना तिनं ढेकूळ दाखवलं तशा त्या पळाल्या. मिलिंद नांदेडहून आला, बांधावर उभा राहून आईचं नांगरणं बघत राहिला, मग रुमणं तिच्या हातातून घेतलं आणि नांगराची दोन तासं स्वतः काढली. मुरूमवाला पुढच्या गावाला गेला.

इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आता लोक चाचांच्या अंगणात यायला लागले. लेकरू रडतंय, पोरीचं लग्न जमत नाही, बोअरला पाणी कुठं लागेल, झाडाला विचारून सांगा. उदगीरकडून गाड्या यायला लागल्या. ते हात जोडायचे, "माझ्या हातात काही न्हाई," की लोकांची खात्री आणखी घट्ट. कुणी खाटेचा पाय करून घेऊन गेलं तर तो पाय देव्हाऱ्यात. मग काम कसलं करणार? "काठवट मागितली तर भाकरी थापायला मागा रे," म्हणाले एकदा, आणि पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यात पाणी दिसलं. पावसाळ्याच्या तोंडाला लेक शाहीन येऊन त्यांना देगलूरला घेऊन गेली. जाताना मला म्हणाले, "तुझ्या दाराला एकदा रंधा मारायचा राहिला." मी म्हणाले, "राहू द्या, सवय झाली." रिक्षा वळेपर्यंत मी उभी राहिले आणि नंतर गिरणीत जाऊन पट्टा चालू केला, दळायला काही नव्हतं तरी.

गेल्या संक्रांतीनंतर मी देगलूरला गेले. शाहीनचं घर बाजारामागच्या गल्लीत, एक खोली आणि पुढं पडवी. चाचा पडवीत खाटेवर. निम्मे झाले होते. कानाला पेन्सिल नव्हती. मी सोनाबाईच्या पट्टीतल्या ज्वारीचं पीठ नेलं होतं. त्यांनी चिमूट घेऊन बोटांवर चोळलं. "जाड दळलीस."

"जात्याला टाकी लावायची राहिली," मी म्हणाले. "तुम्हाला काय, देगलूरचं पीठ लागतंय आता."

हसले. मग विचारलं, "चालतोय का?"

"चालतोय. दुसरं साल आहे. मिलिंद येतो नांगरायला. दगडाला लागला की उडून पुढं जातो, तुम्ही म्हणायचा तसा."

"खोडाला चीर?"

"काही नाही."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत गेली. मी पिठाचा डबा पुसत बसले. आत शाहीन चहाला आधण ठेवत होती.

तेवढ्यात पायरीशी एक बाई आली. अनोळखी, लांबून आलेली, कडेवर अशक्त लेकरू, हातात नारळ. डोक्यावरून पदर घेत म्हणाली, "बाबा, ते झाडाशी बोलणारे खाजामियाँ हितंच राहतेत म्हणं. तुम्हीच का?"

मी उठणार होते. चाचांनी हातानंच मला बसवलं. त्या लेकराकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "न्हाई, माय. ते वारले. मागल्या साली. लेकराला सरकारी दवाखान्यात ने, जवळच हाय, आत्ता उघडा असतोय."

बाई हळहळली. "अरेरे, देवमाणूस गेला," म्हणाली, नारळ पायरीवर ठेवला, आणि लेकराला सावरत दवाखान्याच्या दिशेनं चालायला लागली.

चाचा ती वळेपर्यंत बघत होते. मग भिंतीकडे कूस वळवून म्हणाले, "बघितलंस, सुरेखा? लगेच पटलं."